रंग वरून लावावा, आत मुरवू नये

वेबसाइटवरच्या दोन सोयी आता इतक्या सर्रास झाल्या आहेत की त्या कुणीतरी मुद्दाम बसवलेल्या असतात, हे वाचकाच्या ध्यानातही येत नाही. एक म्हणजे शोधलेला शब्द पानावर जिथे जिथे असेल तिथे पिवळ्या पट्ट्याने दाखवणं. दुसरी म्हणजे प्रोग्रामचा तुकडा दिला असेल तर त्यातले शब्द वेगवेगळ्या रंगांत दाखवणं. ही दोन्ही कामं बहुधा प्लगइनं करतात. वर्डप्रेससारख्या व्यवस्थेत ती चार क्लिकमध्ये बसतात, आणि मग वर्षानुवर्षं त्यांच्याकडे कुणी वळून पाहत नाही.

मराठी मजकुराच्या बाबतीत तरी वळून पाहायला हवं, असं मला कळकळीने वाटतं. म्हणून हा संवाद. यातली माणसं कल्पित आहेत, मुद्दे मात्र खरे आहेत. मामा सांगलीचे, तंत्रनिकेतनात ‘सी’ भाषा शिकवून निवृत्त झालेले. भाची पुण्यात वेबसाइट बांधण्याचं काम करते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी दोघं मिळून प्रोग्रामिंगचे धडे काढताहेत. धडे बहुतेक मामांचे, काही दुसऱ्या एका लेखकाचे; साइट भाचीची.

मामा : तू पाठवलेला पहिला धडा उघडून पाहिला. जेमतेम बारा ओळींचा प्रोग्राम, आणि त्यात निळा, जांभळा, हिरवा, केशरी, सगळे रंग भरलेस. पोरांनी आधी काय वाचायचं, कोड की रंग?

भाची : मामा, ते रंग शोभेसाठी नाहीत. ‘इंट’, ‘रिटर्न’ असे भाषेचे राखीव शब्द एका रंगात आहेत, अवतरणचिन्हांतला मजकूर दुसऱ्या, टिपा तिसऱ्या. वाचण्याआधीच प्रोग्रामची ठेवण डोळ्यांत भरते.

मामा : ठेवण तर ओळी आत सरकवूनही दिसते. मी जन्मभर काळ्या फळ्यावर पांढऱ्या खडूने शिकवलं, मुलं शिकलीच ना? आणि हे माझ्यासारख्या जुन्या माणसाचंच म्हणणं आहे असं समजू नकोस. ‘गो’ भाषेच्या तीन निर्मात्यांपैकी एक रॉब पाइक. त्यांनीही कोड रंगवणं हा पोरकटपणा आहे, असं जाहीरपणे म्हटलंय.

भाची : त्यांचं मत मला ठाऊक आहे. पण या रंगांचा उगम पोरांच्या खेळात नाही. १९८०च्या दशकात ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी संगणकावर चढवायची होती, तेव्हा आयबीएमच्या माइक कौलिशॉ यांनी ‘लेक्स’ नावाचा एडिटर लिहिला. शब्दकोशाची नोंद म्हणजे दाटीवाटीचा मजकूर. शब्द, उच्चार, व्युत्पत्ती, अर्थ, अवतरण, सगळं एकाला एक लागून. संपादकांना त्यातलं काय कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते कळावं, म्हणून मजकूर टाइप होत असतानाच त्याचे भाग ओळखून रंग द्यायची सोय त्यात होती. पुढे १९९८ मध्ये ‘विम’ या एडिटरच्या पाचव्या आवृत्तीत रंग आले आणि प्रोग्रामरांच्या ते अंगवळणी पडले.

मामा : शब्दकोशाच्या संपादकाची गोष्ट निराळी. तो मजकूर घडवत असतो. आपला वाचक घडवलेला मजकूर वाचतोय. हा फरक तू नजरेआड करतेस. एडिटरमध्ये रंगाचा उपयोग मलाही मान्य आहे. पोरगं ‘प्रिंटएफ’ लिहितं, अवतरणचिन्ह उघडतं आणि बंद करायला विसरतं. तिथून पुढची अख्खी ओळ मजकुराच्या रंगाची होते. कंपाइल करायच्या आधीच चूक डोळ्यांत खुपते. तो रंग कामाचा. पण धड्यातला कोड तर मी तपासूनच दिलेला असतो. तिथे रंगाने कोणती चूक दाखवायची?

भाची : चूक नाही, वाट दाखवायची. लांबलचक प्रोग्रामात टीप कुठली आणि आज्ञा कुठली, हे नवख्याला चटकन कळत नाही.

मामा : अगं, आपल्या धड्यांत टिपा मराठीत आहेत. देवनागरी आणि रोमन एकमेकांशेजारी ठेवल्यावर आणखी रंग कशाला हवा? ते वेगळेपण लिपीच दाखवते.

भाची : हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. टिपांपुरता तो बिनतोड आहे. पण म्हणून बाकीचे रंग निरुपयोगी ठरत नाहीत. केंब्रिजमध्ये २०१५च्या सुमारास एक छोटा प्रयोग झाला, वाचणाऱ्यांची नजर कुठे फिरते ते टिपून. रंग असले की कोड समजायला कमी वेळ लागतो, असं त्यात आढळलं.

मामा : आणि अनुभव वाढला की तो फायदा घटतो, हेही त्यातच आहे ना? शिवाय २०१८ मध्ये ३९० विद्यार्थ्यांवरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. जावा नुकतीच शिकू लागलेली मुलं होती ती. रंगाने त्यांच्या समजुतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

भाची : फरक पडला नाही, म्हणजे नुकसानही झालं नाही. ज्या गोष्टीने नुकसान नाही आणि वाचणाऱ्याला बरं वाटतं, ती काढून का टाकायची? रंगीत कोड पाहिल्यावर मुलाला वाटतं, हे खऱ्या प्रोग्रामरच्या पडद्यासारखं दिसतंय. पहिल्या धड्याला या धिटाईची किंमत मोठी असते. आणि मजकुरात रंग घालणं आपल्याला नवीन कुठे आहे? जुन्या पोथ्यांत ‘उवाच’, दंड, अध्यायाची समाप्ती लाल शाईत लिहिलेली असते. बोलतंय कोण आणि प्रकरण संपलं कुठे, हे शोधायला लागू नये म्हणूनच.

मामा : पोथीचा दाखला दिलास ते बरं झालं. तो लेखनिक वाचत होता, समजत होता, मग लाल शाईचा बोरू उचलत होता. तुझ्या प्लगइनला कोड समजतो का?

भाची : कंपाइलरला समजतो तसा नाही समजत. प्रिझम म्हणा, हायलाइट-जेएस म्हणा, दोन्हींचं काम साच्यांवर चालतं. दोन अवतरणचिन्हांमधलं ते सगळं मजकूर, दोन तिरप्या रेघांपासून ओळीच्या शेवटापर्यंतची ती टीप, आणि राखीव शब्दांची एक यादी. हायलाइट-जेएस तर भाषा सांगितली नाही तर स्वतःच ताडतं. प्रत्येक भाषेचे साचे लावून बघतं, गुण देतं आणि सर्वाधिक गुणांची भाषा निवडतं.

मामा : आणि तीनच ओळींचा तुकडा असला तर?

भाची : तर चुकू शकतं. तेवढ्यात ताडायला काही हाती लागत नाही. ‘सी’चा तुकडा भलत्याच भाषेचा समजून रंगवला जातो.

मामा : म्हणजे मी शिकवणार, ‘हा राखीव शब्द आहे’, आणि पडद्यावर तो साध्या नावाच्या रंगात. मुलगा कुणावर विश्वास ठेवेल? पडद्यावर. न रंगवलेला कोड काही सांगत नाही. चुकीचा रंगवलेला कोड खोटं सांगतो.

भाची : म्हणूनच ताडण्याची सोय मी बंद केलीये. प्रत्येक तुकड्यावर भाषेचं नाव मी हाताने लिहिते. तेवढी शिस्त पाळली तर ‘सी’सारख्या भाषेत राखीव शब्द, मजकूर आणि टिपा बहुतेक बिनचूक येतात.

मामा : बरं, रंग बाजूला ठेव. माझं खरं दुखणं नकलेचं आहे. वर्गात एक मुलगा रडकुंडीला आला होता. एका वेबसाइटवरून प्रोग्राम उचलून जसाच्या तसा चिकटवलेला, आणि कंपाइलर म्हणतोय, प्रोग्राममध्ये भटकी अक्षरं आहेत. आकडे दाखवतोय ३४२, २००, २३४. चार ओळींचा प्रोग्राम, वाचायला अगदी बरोबर. मी डोळे ताणून पाहिलं तेव्हा दिसलं की अवतरणचिन्हं सरळ नव्हती, छपाईतली बाकदार होती. ‘सी’ला सरळ चिन्ह लागतं. बाकदार चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं असतं, आणि जीसीसी हा कंपाइलर, तोही जुना, ते तीन बाइट एकेक करून, अष्टमान पद्धतीत दाखवत होता. त्या मुलाला वाटलं, आपल्याला प्रोग्रामिंग जमणारच नाही.

भाची : हे दुखणं प्लगइनाने होत नाही मामा, प्लगइन नसल्याने होतं. वर्डप्रेस लेखातली सरळ चिन्हं आपण होऊन बाकदार करतं, दोन जोडरेषांची एक लांब रेघ करतं. कथा-कवितेला ते शोभतं, कोडची मात्र वाट लागते. पण मजकूर ‘प्री’ किंवा ‘कोड’ टॅगमध्ये ठेवला की वर्डप्रेस त्याला हात लावत नाही. ‘पेक्षा लहान’चं चिन्हही असंच त्रासाचं. एचटीएमएलमध्ये त्याने टॅग सुरू होतो. तसंच सोडलं तर ‘इन्क्लूड’च्या ओळीतलं फाइलचं नाव पडद्यावरून गायबच होतं. चांगलं प्लगइन या सगळ्याची काळजी घेतं.

मामा : आणि ओळींचे आकडे? ते कोडबरोबर नकलेत येतात. मग पोरगं बसतं एकेक आकडा पुसत.

भाची : आकडे मजकुरातच टाइप केलेले असले तर येतात. मी ते सीएसएसच्या मोजणीने दाखवते. दिसतात, पण मजकुराचा भाग नसतात. निवडायला गेलं तर निवडले जात नाहीत, नकलेत उतरत नाहीत.

मामा : हे वाक्य मला आवडलं. दिसतात, पण मजकुराचा भाग नसतात. रंगालाही हीच अट लाव. माझा रंगाला विरोध नाही, मजकुरात ढवळाढवळ करण्याला आहे. बरं, आता त्या पिवळ्या पट्ट्यांचं सांग.

भाची : त्याची गोष्ट मोठी आहे. २००० साली गूगलचा टूलबार आला, त्यात शोधलेले शब्द पानावर रंगवायचं बटण होतं. गूगल आपल्याकडे साठवलेली पानाची प्रत दाखवायचं, तिच्यातही प्रत्येक शब्दाला वेगळा रंग असायचा. ते पाहून वेबसाइटवाल्यांनी प्लगइनं काढली. वाचक गूगलवरून आपल्या पानावर आला की ब्राउझर आधीच्या पानाचा पत्ता आपल्याला कळवायचा, आणि त्या पत्त्यात वाचकाने काय शोधलं ते लिहिलेलं असायचं. प्लगइन तेवढे शब्द उचलायचं आणि पानावर पिवळे करायचं. वाचकाला हवी ती जागा आयती सापडायची.

मामा : आणि वाचकाने काय शोधलं हे त्या वेबसाइटवाल्याला कळायचं. एखाद्या बाईने रात्री आजाराचं नाव शोधलं असेल, कर्ज फिटत नाही म्हणून काही शोधलं असेल. ती ज्या ज्या दारात गेली, त्या प्रत्येक दारात ते आधीच पोचलेलं. पिवळ्या पट्ट्यासाठी मोजलेली ही किंमत फार होती.

भाची : मान्य. ऑक्टोबर २०११ पासून गूगलने, खात्यात शिरलेल्या वाचकांपुरतं का होईना, हे शब्द पुढे पाठवणं बंद केलं. २०१३ पर्यंत जवळपास सगळ्यांसाठी बंद झालं, आणि त्या जातीची प्लगइनं निकामी झाली. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आज वाटत नाही. कारण तेच काम आता वाचकाचा ब्राउझर करतो. २०२० पासून क्रोममध्ये दुव्याच्या शेपटाला हवा तो मजकूर जोडता येतो. ब्राउझर पान उघडून थेट त्या ओळीपाशी नेतो आणि ती रंगवतो. पत्त्यात हॅशच्या पुढे असलेला भाग सर्व्हरकडे जातच नाही, आणि त्यातला हा जोडलेला मजकूर पानावरच्या स्क्रिप्टलाही ब्राउझर दाखवत नाही. सोय राहिली, चुगली गेली.

मामा : मग तुझ्या प्लगइनाचं काम उरलं कुठे?

भाची : आपल्याच साइटवरच्या शोधात. मुलगा आपल्या चौकटीत ‘किंमत’ लिहितो, कारण ‘चलाला किंमत कशी द्यायची’ हे त्याला हवंय. पाच धडे सापडतात. धडा उघडला की तो शब्द पिवळा. त्याने आपल्यालाच विचारलं, आपणच उत्तर दिलं. यात कुणाची चोरी नाही.

मामा : चोरी नाही, पण फसगत आहे. मी काल करून पाहिलं. ‘किंमत’ शोधलं. धड्यात ‘किमतीला’, ‘किमतीत’, ‘किमती’ असं ठायी ठायी आहे. एकही पिवळा नाही. विभक्ती लागली की आपल्याकडे अनुस्वार जातो ना. ‘संख्या’ शोधलं तर ‘संख्येला’ कोरडं. ‘आज्ञा’ शोधलं तर ‘आज्ञेने’ कोरडं. आणि ‘ओळ’ शोधलं तर ‘ओळख’ पिवळी! ‘चल’ शोधलं तर ‘चलन’ आणि ‘उचल’ पिवळे. गरजेचं वगळलं आणि नको ते दाखवलं.

भाची : हो, कारण ते प्लगइन इंग्रजीसाठी लिहिलेलं आहे. इंग्रजीत शब्द फारसा बदलत नाही, शेवटी एखादं अक्षर जोडलं की भागतं. मराठीत सामान्यरूप होतं, मुळातच बदल होतो. आणखी आत जाऊन सांगते. शब्दाची हद्द ओळखायची जी खूण जावास्क्रिप्टमध्ये वापरतात, तिच्या लेखी अक्षर म्हणजे इंग्रजी ए ते झेड, दहा आकडे आणि अधोरेखा. देवनागरीचं एकही अक्षर तिच्या हिशेबात नाही. म्हणून ‘पूर्ण शब्दच शोधा’ हा पर्याय लावला की मराठीत काहीच सापडत नाही, आणि काढला की ‘ओळख’मध्येही ‘ओळ’ सापडते. २०१८च्या सुधारणेनंतर सगळ्या लिप्यांची अक्षरं ओळखता येतात, पण तिथेही मात्रांची वर्गवारी वेगळी आहे. नुसती अक्षरं मागितली तर ‘ओळीत’ या शब्दात ‘ळ’पाशीच शब्द संपला असं यंत्राला वाटतं. मात्रा मुद्दाम मागून घ्याव्या लागतात.

मामा : ते दिसलंच मला. ‘ओळीत’ मध्ये ‘ओळ’ पिवळी आणि वेलांटी पांढरी. अक्षराचे तुकडे.

भाची : ‘शक’ शोधलं आणि ‘शक्ती’ सापडली की त्याहून वाईट. ‘क्त’ या जोडाक्षराच्या मधूनच पट्टा कापला जातो. अक्षर पुरं होईपर्यंत पट्टा थांबवायचा नाही, हा नियम मला घालावाच लागला. आणि ‘पायऱ्या’ शोधून पाहिलंत?

मामा : पाहिलं. माझ्या धड्यांत सापडतं, त्या दुसऱ्या लेखकाच्या धड्यांत सापडत नाही. तिथे शब्द समोर दिसतोय, तरी.

भाची : दिसायला एकच, साठवणीत दोन. तुमच्या कळफलकावर तो ‘ऱ’ म्हणजे युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त आणि पुढे ‘या’. त्यांच्या कळफलकावर साधा ‘र’, हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह आणि ‘या’. पडद्यावर दोन्हींचा अर्धा ‘र’ तसाच आडवा उमटतो. यंत्र मात्र आकडे जुळवतं, आणि ते जुळत नाहीत. ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, सगळ्यांची तीच गत. ‘ॲप’मधला ‘ॲ’सुद्धा कुणी एका अक्षरात लिहितं, कुणी ‘अ’वर चंद्र देऊन. म्हणून शोधायच्या आधी दोन्ही बाजू एका रूपात आणायच्या. युनिकोडचे ठरलेले नियम यातलं सगळं करत नाहीत, थोडी यादी आपल्याला जोडावी लागते.

मामा : आता माझं म्हणणं ऐक. पिवळा पट्टा नुसता शब्द दाखवत नाही, तो ग्वाही देतो. पानावर तीन पट्टे दिसले की मुलगा समजतो, या विषयाचं इथे तीनच ठिकाणी आहे. उरलेल्या परिच्छेदांवरून नजर घसरते. महत्त्वाचं वाक्य ‘किमतीला’ या रूपात असेल तर ते नेमकं सुटतं. पट्टे नसते तर त्याने निदान वाचलं असतं.

भाची : ही भीती खरी आहे. पण ती अर्धवट कामाविरुद्धची आहे, कामाविरुद्धची नाही. आपले धडे मर्यादित आहेत, त्यांतल्या पारिभाषिक संज्ञाही मर्यादित. ‘किंमत’, ‘संख्या’, ‘आज्ञा’, ‘यादी’, ‘पायरी’, ‘ओळ’. प्रत्येकीची सामान्यरूपं आणि अनेकवचनं तुम्ही लिहून द्या. किमती, संख्ये, आज्ञे, याद्या, पायऱ्या, ओळी. मी ती शोधाला जोडते. अख्ख्या मराठीचं व्याकरण यंत्राला शिकवायची आपल्याला गरज नाही. आपल्या धड्यांपुरतं शिकवलं की पुरे.

मामा : हे काम मी करीन. आनंदाने करीन. पण पानाच्या वर एक ओळ लिही, की ‘किंमत’ या शब्दाची ही ही रूपं दाखवली आहेत. वाचकाला कळू दे की यंत्राने काय पाहिलं. आणि शेजारी पट्टे पुसायचं बटण.

भाची : लिहिते. आता तुमच्या ‘मजकुरात ढवळाढवळ नको’ या अटीकडे येते. साधी प्लगइनं पानाच्या एचटीएमएलमध्ये शोध-आणि-बदल करतात. वाचकाने ‘क्लास’ हा इंग्रजी शब्द शोधला, तर तो टॅगच्या आतही असतो. तिथे पट्टा घुसवला की अख्खं पान मोडतं. त्याहून घातक म्हणजे शोधाच्या चौकटीत आलेला मजकूर न तपासता पानावर छापला, तर कुणीही दुव्यात स्क्रिप्ट दडवून ती आपल्या वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालवू शकतो. सोयीच्या पट्ट्यासाठी दार सताड उघडं.

मामा : यावर उपाय?

भाची : पहिला उपाय जुना आहे. टॅगना हात न लावता फक्त मजकुराचे तुकडे चाळायचे आणि ‘मार्क’ टॅग लावायचा. २०१४ मध्ये पक्क्या झालेल्या एचटीएमएल-५ मध्ये तो टॅग अशाच कामासाठी आहे. दुसरा उपाय नवा आणि मला जास्त पटणारा. २०२२ पासून क्रोममध्ये, आणि त्यानंतर इतर ब्राउझरांतही, अशी सोय आली की पानाला अजिबात न बदलता ब्राउझरला नुसतं सांगायचं, या अक्षरापासून त्या अक्षरापर्यंत रंग दे. टॅग नाही, कापाकापी नाही. रंग वरच्या वर राहतो, पुसला की खाली मजकूर होता तसाच.

मामा : हेच तर मी मागत होतो. पण एक सांग, हे सगळं ज्या प्लगइनाच्या भरवशावर, त्याचा धनी कोण? आज तो आहे. उद्या?

भाची : हा प्रश्न आमच्या धंद्यात पुरेसा विचारला जात नाही. गूगलचं स्वतःचं कोड रंगवायचं साधन बंद झालं, आणि स्टॅक ओव्हरफ्लोसारख्या मोठ्या साइटलाही २०२० मध्ये दुसरीकडे वळावं लागलं. बंद पडणं परवडलं, विकलं जाणं वाईट. २०१७ मध्ये वर्डप्रेसचं ‘डिस्प्ले विजेट्स’ नावाचं प्लगइन विकलं गेलं. ते सुमारे दोन लाख साइटवर होतं. नव्या मालकाने त्यात गुपचूप जाहिरातबाजीचा मजकूर घुसवला, आणि शेवटी वर्डप्रेसला ते काढून टाकावं लागलं. २०२४ मध्ये ‘पॉलिफिल’च्या पत्त्याचं तेच झालं. लाखाहून जास्त साइट तिथून रोज स्क्रिप्ट उचलत होत्या, आणि मालक बदलल्यावर त्याच स्क्रिप्टमधून वाचकांना भलतीकडे पळवलं गेलं.

मामा : आणि आपण शब्द पिवळा करायला परक्याच्या घरून रोज स्क्रिप्ट मागवायची?

भाची : नाही मागवायची. फाइल आपल्या सर्व्हरवर ठेवायची, आवृत्ती पक्की करायची, बदल वाचल्याशिवाय नवी घ्यायची नाही. प्रिझमचा गाभा आवळून दोनेक किलोबाइटांचा होतो, माणसाला बसून वाचता येईल एवढा. कोडचे रंग तर मी धडा प्रकाशित करतानाच भरून ठेवणार. वाचकाच्या फोनवर स्क्रिप्ट चालवायचीच नाही. रंग पोचले नाहीत तरी कोड पोचेल.

मामा : रंग कोणते घेतलेस तेही पाहा. टिपा तू फिकट करड्या केल्यास. आपली मुलं धडे छापतात आणि झेरॉक्स काढून वाटतात. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये फिकट करडं उडून जातं. माझ्या मराठी टिपा, ज्या मुलांनी सगळ्यात आधी वाचायच्या, त्याच जातील.

भाची : ते लगेच बदलते. मजकूर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ एवढा फरक असावा, असा वेबसाठी ठरलेला दंडक आहे. टिपा मी गडद करते. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी राखीव शब्द ठळकही ठेवते. आणि छापताना सगळं काळं.

मामा : मग एकच राहिलं. पहिले दहा धडे मला बिनरंगी हवेत. मुलाने कंस स्वतः शोधावा, अवतरण स्वतः जुळवावं. डोळ्याला ती सवय लागली की मग रंग.

भाची : आणि मला पहिल्याच धड्यात तीन रंग हवेत, राखीव शब्द, मजकूर आणि टिपा, एवढेच. सवय लागायच्या आधीच जो मुलगा घाबरून साइट बंद करेल, त्याला तुमचा अकरावा धडा कधीच दिसणार नाही.

मामा : यावर आपलं जमणार नाही.

भाची : नको जमू दे. प्रत्येक तुकड्यावर एक बटण ठेवते, रंग दाखवा, रंग काढा. निवड मुलाने करावी. एकदा निवडलं की पुढच्या धड्यांत तेच राहील.

हा वाद इथेच अर्धा सोडला आहे, कारण त्याचा निकाल मामांनी किंवा भाचीने लावायचाच नाही. कोड रंगीत वाचावा की बिनरंगी, याबद्दलचे प्रयोगही एकमुखाने बोलत नाहीत. जिथे पुरावा दोन्हीकडे झुकतो, तिथे निवड वाचकाच्या हाती द्यावी.

पण ज्या गोष्टी वादाच्या नाहीत, त्या तरी आपण मराठी साइटवर सक्तीने पाळायला हव्यात. रंगामुळे मूळ मजकुरातलं एक चिन्हही बदलता कामा नये. नक्कल केलेला प्रोग्राम चालला पाहिजे, पुसलेला पट्टा मागे काही ठेवून जाता कामा नये. वाचकाने काय शोधलं ते त्याचं आहे, ते दुसऱ्याच्या दारात पोचता कामा नये. परक्याची स्क्रिप्ट वाचल्यावाचून आत घेता कामा नये. आणि मराठीत शोध द्यायचा तर सामान्यरूपांसकट द्यावा, ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ यांची दोन्ही रूपं जुळवून द्यावा. हे शेवटचं काम इंग्रजी प्लगइनाचे लेखक आपल्यासाठी करणार नाहीत. त्यांना ‘किंमत’ आणि ‘किमतीला’ यांचं नातं ठाऊक असण्याचं कारणच नाही. ते आपल्याला ठाऊक आहे. प्रत्येक विषयाच्या मराठी साइटने आपापल्या संज्ञांची रूपं लिहून काढली आणि ती सर्वांना वापरायला खुली ठेवली, तर मामा-भाचीने एका साइटपुरतं केलेलं काम पुढच्या साइटला पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार नाही. शिक्षक, संपादक, ग्रंथपाल आणि प्रोग्रामर यांनी एकत्र बसून करण्याजोगं हे काम आहे, आणि त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही.